गव्हाणीतलं आणि काट्यावरचं

ब्रॉयलरची शेड चालवणाऱ्या माणसाला ‘एफसीआर’ म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. लॉट उचलून नेला की कंपनीचा सुपरवायझर कागदावर तीन आकडे मांडतो : मर किती, सरासरी वजन किती आणि एफसीआर किती. तिसऱ्या आकड्यावर पैसे कापले जातात किंवा वाढवून मिळतात, त्यामुळे तो घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्याच माणसाने शेजारी डुकरांची शेड टाकली, की मात्र हा आकडा त्याच्या तोंडून गायब होतो. ‘डुक्कर काय, काहीही खातं आणि वाढतं.’ हे वाक्य मी इतक्या शेडवर ऐकलंय, की त्याचा प्रतिवाद करण्यासाठीच हे पुस्तक लिहिलं गेलं असावं, असं हस्तलिखित वाचताना वाटत राहिलं.

काहीही खातं हे खरं. वाढतं हेही खरं. किती खाऊन किती वाढतं, एवढाच प्रश्न आहे. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो आकडा म्हणजे खाद्य रूपांतराचं प्रमाण, आपल्या बोलीतला एफसीआर. इथे एक उलटं गणित नवख्याला गोंधळात टाकतं. कार्यक्षमता वाढते तेव्हा आकडा उतरतो. तीनवरून पावणेतीनवर आलात, तर सुधारलात.

हे पुस्तक फक्त एकाच टप्प्याबद्दल आहे : पिल्लू आईपासून सुटून सावरलं, 25-30 किलोचं झालं, तिथपासून ते बाजारात जाईपर्यंत. माद्या, वेत, पिल्लांची मर हा सगळा वेगळा संसार आहे आणि लेखकाने तो दाराबाहेर ठेवला ते बरं केलं. कारण मांसासाठी डुक्कर वाढवण्याच्या एकूण खर्चात साधारण साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो, आणि त्यातलं बहुतेक खाद्य याच टप्प्यात पोटात जातं. हिशेब करून पाहा. एक डुक्कर 30 किलोचं 105 किलोचं केलं, म्हणजे 75 किलो वाढ. एफसीआर 3 असेल तर 225 किलो खाद्य, 2.7 असेल तर 202.5 किलो. फरक साडेबावीस किलोंचा. खाद्य किलोला 30 रुपये धरलं तर डोक्यामागे 675 रुपये, शंभर डुकरांमागे साडेसदुसष्ट हजार. आपल्याकडे बाजारात भाव दोन रुपयांनी पडला की माणूस आठवडाभर हळहळतो. हे साडेसदुसष्ट हजार मात्र गुपचूप जातात, कारण त्यांची पावती फाडली जात नाही.

या आकड्याला मान कुठे मिळाला, याची गोष्ट डेन्मार्कची आहे. डॅनिश शेतकऱ्यांनी 1882 साली येडिंग इथे पहिली सहकारी डेअरी काढली आणि थोड्याच वर्षांत अशा डेअऱ्यांचं जाळं झालं. लोणी इंग्लंडला जायचं आणि साय काढलेलं दूध शेतकऱ्याच्या घरी परत यायचं. ते कुणाला घालायचं? डुकरांना. 1887 साली जर्मनीने डॅनिश डुकरांना आपला बाजार बंद केला. त्याच वर्षी होर्सेन्स गावात शेतकऱ्यांनी स्वतःचा पहिला सहकारी कत्तलखाना उभारला आणि तोंड वळवलं ते इंग्लंडच्या न्याहारीच्या ताटाकडे. इंग्रजाला बेकन हवं होतं कमी चरबीचं. म्हणजे डुक्कर नुसतं फुगवून भागणार नव्हतं, ते बारीक अंगाचं, लांब पाठीचं आणि तरीही स्वस्तात वाढलेलं हवं होतं.

तेव्हा प्रश्न पडला, जवाचा किलो महाग की दुधाचा? निल्स योहानेस फ्योर्ड या संशोधकाने शेतकऱ्यांच्याच गोठ्यांत डुकरांचे गट पाडून हे तपासलं. निघालं ते असं : एक किलो धान्याचं काम सहा किलो साय काढलेलं दूध करतं, किंवा बारा किलो चीजचं पाणी. पुढे तिकडे सगळं खाद्य जवाच्या किलोत मोजायची रीत पडली. 1907 मध्ये ओडेन्सेजवळ एल्सेसमिंडे इथे डुकरांचं परीक्षण केंद्र निघालं. पैदासकाराने एकाच वेतातली चार पिल्लं तिथे पाठवायची. केंद्राने ती एकाच पद्धतीने वाढवायची, खाद्य मोजायचं, पाठीवरची चरबी मोजायची आणि निकाल छापून सगळ्यांसमोर मांडायचा. ज्या मादीची पिल्लं कमी खाऊन जास्त वाढली, तिचा वंश पुढे चालला. आज तिकडच्या चांगल्या शेडवर 30 किलोपासून सुमारे 115 किलोपर्यंतच्या वाढीला किलोमागे पावणेतीन किलोच्या आत खाद्य पडतं. यामागे जादूचा वंश नाही. शंभराहून अधिक वर्षं दर बॅचला काट्यावर चढवण्याची खोड आहे.

आपल्याकडे या विषयावर बोलणारे लोक दोन गोष्टींवर बोलतात, जात आणि खाद्य. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणा, ड्युरॉकचा नर वापरा, अमुक कंपनीची गोणी घ्या. दोन्ही गोष्टींना अर्थ आहे, नाही असं नाही. ड्युरॉक नर आणि लॅन्ड्रेस-यॉर्कशायर संकराची मादी यांची पिल्लं गावठी डुकरापेक्षा कितीतरी कमी खाद्यात वाढतात. पण हस्तलिखित वाचताना माझं एक जुनं मत पक्कं झालं : एफसीआर हा आकडा डुकराचा नसतो, शेडचा असतो. तोच वंश, तीच गोणी, दोन शेडवर गेली की आकड्यात अर्ध्या किलोचाही फरक पडू शकतो. तो फरक डुकराच्या पोटात सापडत नाही. तो फीडरखाली, पाण्याच्या टाकीत, भरड्याच्या जाळीत आणि वहीत सापडतो.

आधी डुकराच्या पोटातलं बघू, कारण तिथली एक गोष्ट बाकी सगळ्याचा पाया आहे. डुक्कर खातं त्यातला साधारण एक तृतीयांश भाग नुसतं जगण्यावर खर्च होतो : श्वास, रक्ताभिसरण, अंग उबदार ठेवणं. उरलेल्यातून वाढ. ही वाढ दोन प्रकारची, मांसाची आणि चरबीची. एक किलो ताज्या मांसात जवळपास पाऊण किलो पाणीच असतं, म्हणून ते स्वस्तात तयार होतं. चरबीत पाणी अगदी थोडं, आणि ग्रॅममागे ऊर्जा प्रथिनांच्या दीडपटीहून जास्त. साहजिकच चरबीच्या किलोला मांसाच्या किलोपेक्षा कित्येक पट खाद्य मोजावं लागतं. लहान डुक्कर मुख्यतः मांस घालतं; जसजसं मोठं होतं तसतशी चरबी वाढते आणि शरीर मोठं झाल्याने जगण्याचा खर्चही वाढतो. म्हणून 30 किलोच्या डुकराला एक किलो वाढायला दोन किलोच्या आसपास खाद्य पुरतं, आणि शंभरीच्या पुढे तेच साडेतीनवर जातं. ‘भाव वाढेल, अजून महिनाभर ठेवू’ असं ठरवणाऱ्याने हा शेवटचा किलो केवढ्याला पडतोय ते आधी पाहावं.

नर, मादी, खच्ची केलेला नर यांचाही फरक इथूनच येतो. खच्ची नर जास्त खातो आणि चरबीला लवकर लागतो. अखंड नर सगळ्यांत काटकसरी, मादी मध्ये. पण अखंड नराच्या मांसाला कधीकधी उग्र वास येतो, म्हणून बहुतेक देश खच्चीकरण करतात आणि खाद्याचा तो जादा खर्च मुकाट सोसतात.

एफसीआर कमी म्हणजे फायदा जास्त, हे समीकरण सगळीकडे चालत नाही, हेही इथेच सांगतो. इटलीत पार्मा हॅमसाठीची डुकरं मुद्दाम नऊ महिन्यांपर्यंत आणि सुमारे 160 किलोपर्यंत वाढवतात, पार्मेझान चीजचं उरलेलं पाणी पाजतात. स्पेनच्या पश्चिमेकडची इबेरिको डुकरं हिवाळ्यात ओकच्या रानात हिंडून ओकची फळं खातात. दोन्हींचा एफसीआर आपल्या हिशेबाने भयंकर, आणि दोन्हींच्या मांडीला मिळणारा भाव आपल्या स्वप्नातही नाही. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने नोंदलेली ‘आगोंदा गोवन’ ही काळी, लहान चणीची जात गोणीतल्या खाद्यावर तोलली तर हरेल. पण ती गोणीवर जगण्यासाठी झालेलीच नाही. घरचं उरलंसुरलं आणि आवारातलं चरून ती वाढते. ज्याला बाहेरून खाद्य विकत आणायचं नाही, त्याचा हिशेब वेगळा. हे पुस्तक ज्याला विकत आणायचं आहे त्याच्यासाठी आहे.

आता पोटाबाहेरचं. सांडलेलं खाद्य हा या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग, कारण लेखकाने इथे भिडस्तपणा सोडला आहे. फीडरमधून डुकराच्या तोंडात न जाता जमिनीवर जाणारं खाद्य पाच ते दहा टक्के असणं मुळीच दुर्मीळ नाही. ते मुतात कालवलं जातं, पाण्याच्या नळीने धुऊन जातं आणि वहीत ‘डुकरांनी खाल्लं’ म्हणून जमा होतं. कारण साधं आहे. फीडरचं तोंड फार उघडं ठेवलं की तसराळं काठोकाठ भरतं, आणि डुक्कर नाकाने खणणारा प्राणी, ते उकरून बाहेर काढतंच. तसराळ्याचा तळ निम्मा दिसला पाहिजे, निम्मा खाद्याने झाकलेला, असा फीडर लावायचा. तळ पूर्ण दिसला तर डुक्कर उपाशी, अजिबात दिसला नाही तर मालक. एका शेडवर मालकाने मला अभिमानाने दाखवलं, ‘बघा साहेब, डुकरांना कधी कमी पडू देत नाही.’ खरोखर कमी पडत नव्हतं. खाली घोट्यापर्यंत ओला भरडा होता आणि त्यावर कावळे जेवत होते.

भरड्याची जाडी ही गोष्ट लहान वाटते, पण पैशात मोठी आहे. मक्याचा दाणा जितका बारीक, तितका त्याच्यावर पाचक रसांना वाव. अमेरिकेत कॅन्ससच्या विद्यापीठात यावर पुष्कळ काम झालंय. सरासरी कण शंभर मायक्रॉनने बारीक केला तर खाद्याची बचत साधारण एक टक्का, असा तिथला ठोकताळा. मात्र पीठच करून टाकलं तर डुकराच्या जठराला व्रण पडतात आणि फीडरमध्ये खाद्य अडकून बसतं. आपल्याकडे दोष बहुधा उलट दिशेचा असतो : हॅमर मिलचे हातोडे झिजलेले, जाळीला भोक पडलेलं, आणि विष्ठेत अख्खे पिवळे दाणे. ते दाणे दिसत असतील तर प्रयोगशाळेत काही पाठवायची गरज नाही.

सोयाबीनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मराठी शेतकरी खास चुकतो. लातूरच्या बाजारात भाव पडला, घरात सोयाबीनच्या थप्प्या पडून आहेत, तर मग डुकरांना घालू, असा विचार करणारे कमी नाहीत. पण कच्च्या सोयाबीनमध्ये असा घटक असतो, जो प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या रसालाच अडवतो. डुक्कर खातं, पण वाढत नाही. तेलगिरणीची पेंड उष्णतेतून गेलेली असते, म्हणून ती चालते. घरचं सोयाबीन नीट भाजून मगच वापरावं. आणि प्रथिनांचे टक्के मोजताना लायसिनकडे लक्ष हवं. धान्य आणि पेंड यांच्या मिश्रणात सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन. ते कमी पडलं की बाकीची महाग प्रथिनं मांस न बनता मुतातून बाहेर जातात. पावसात भिजलेल्या मक्याची बुरशी हे आणखी एक प्रकरण. डुक्कर बुरशीच्या विषांच्या बाबतीत फार हळवं आहे. कोंबडी जे खपवून घेते त्यावर डुक्कर तोंड फिरवतं. आणि तोंड फिरवलेलं डुक्कर दिसतं तरी. थोडं थोडं विष खात महिनोन्‌महिने मागे पडणारं डुक्कर दिसत नाही.

मग उन्हाळा. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, इतक्या त्याच्या घर्मग्रंथी निकामी. मोठ्या डुकराला वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं; पंचविशीच्या पुढे ते खाणं कमी करू लागतं. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तिथे काय होत असेल ते सांगायला नको. वाढ थांबते, पण जगण्याचा खर्च थांबत नाही, म्हणजे तो एक तृतीयांश हिस्सा रोज भरावाच लागतो. भल्या पहाटे आणि रात्री खाद्य घालणं, अंगावर थोडं पाणी शिंपडून ते वाऱ्यावर सुकू देणं, हे उपाय कोरड्या हवेत चांगले लागू पडतात. कोकणात हवेतच इतकी ओल असते की शिंपडलेलं पाणी सुकतच नाही. तिथे पंखा आणि उंच छप्पर यांवरच भिस्त. आणि पाणी! डुक्कर खाद्याच्या दोन ते तीनपट पाणी पितं. पत्र्यावरची काळी टाकी एप्रिलच्या दुपारी चहाला ठेवल्यासारखी तापते, निप्पलमधून मिनिटाला लिटरभरही पाणी येत नाही, आणि मालक गोणीवरच्या कंपनीला शिव्या घालतो.

गर्दी, नव्या डुकरांची भांडणं, खरूज, जंत, खोकला यांच्यावर लेखकाने स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत, मी त्यांत शिरत नाही. मरीचं गणित मात्र इथे करून दाखवतो, कारण ते बहुतेक वह्यांत चुकलेलं असतं. 50 डुकरं 30 किलोची आणली, 100 किलोला विकायची, एफसीआर 3. म्हणजे प्रत्येकी 70 किलो वाढ, 210 किलो खाद्य. आता त्यातली दोन 80 किलोची असताना मेली, तोपर्यंत प्रत्येकाने 140 किलो खाल्लं असं धरा. उरलेल्या 48 डुकरांचं 10,080 किलो आणि मेलेल्यांचं 280, एकूण 10,360 किलो. विकलेल्या डुकरांचीच वाढ धरली तर ती 3,360 किलो, आणि एफसीआर येतो 3.08. विकून शेडबाहेर गेलेल्या एकूण वजनातून आत आलेलं एकूण वजन वजा केलं, तर वाढ 3,300 किलो आणि एफसीआर 3.14. आणि मेलेल्यांना वहीतूनच खोडून टाकलं, तर तोच जुना, सुरेख 3. तीन माणसं, तीन आकडे, खोटं कुणीच बोलत नाही. म्हणून दुसऱ्याचा एफसीआर ऐकलात, की आधी विचारा : मेलेली कुठे धरली?

शेवटी हॉटेलचं खरकटं, कारण महाराष्ट्रातली बरीच डुकरं त्यावर वाढतात आणि ते टाळून लिहिलेलं पुस्तक परग्रहावरचं वाटलं असतं. खरकट्याचा एफसीआर काढणारे लोक गोंधळतात, कारण त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. डब्यातलं दहा किलो म्हणजे सुकं दोन-अडीच किलो. तेही आज बिर्याणी, उद्या नुसती पातळ डाळ, परवा लग्नाचा जिलबीचा पाक. स्वस्त पडतं हे मान्य. पण न उकळलेल्या खरकट्याने जगभर जे केलंय ते लेखकाने आडपडदा न ठेवता मांडलं आहे. 2001 साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची जी साथ पसरली, तिचा माग नॉर्थम्बरलंडमधल्या न उकळलेलं खरकटं घालणाऱ्या एका डुक्करफार्मपर्यंत पोचला. साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. आफ्रिकन स्वाइन फीवर 1957 मध्ये लिस्बनला पोचला तो विमानतळावरच्या उष्ट्यातून, असं मानलं जातं. 2020 मध्ये तो आसाम आणि अरुणाचलमध्ये आला. या रोगावर आपल्याकडे वापरायला लस नाही, आणि तो शेडमध्ये शिरला की एफसीआरचा तिसरा दशांश मोजत बसायला डुकरं शिल्लक राहत नाहीत. खरकटं घालायचंच असेल तर ते ढवळत, खळखळ उकळून घालावं, आणि उकळण्याचं सरपण त्याच्या किमतीत मिळवावं. मग ते कितीसं स्वस्त उरतं ते ज्याने त्याने पाहावं.

हे पुस्तक वाचायला घेण्याआधी एक काम करा. आज रात्री एका फीडरखाली ताडपत्री अंथरा, किंवा जाळीची जमीन असेल तर खाली लोखंडी तसराळं सरकवा. सकाळी जे पडलं असेल ते उन्हात वाळवा आणि काट्यावर ठेवा. त्याला शेडमधल्या फीडरच्या संख्येने गुणा, मग तीनशे पासष्टने. आलेला आकडा पहिल्या प्रकरणाच्या समासात लिहून ठेवा. लेखकाने तिथे मुद्दाम जागा सोडली आहे.